क्लच हबचा जाम झालेला नट कसा सोडवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती तेलात बुडालेल्या, अनेक प्लेटांच्या क्लचविषयी आहे. भारतातील बहुतेक मोटरसायकलींना हाच क्लच असतो आणि तो सहसा इंजिनाच्या उजव्या कव्हरखाली असतो. जुन्या बुलेटमध्ये मात्र तो डाव्या बाजूला, प्रायमरी चेनच्या कव्हरखाली सापडतो. क्लच उघडताना इतर भाग हलक्या हाताने निघतात आणि काम अडते ते हबच्या मधोमध असलेल्या एका मोठ्या नटापाशी. मग लांब पाईप, मोठी हातोडी आणि शेवटी छिन्नी असा क्रम सुरू होतो आणि शंभर-दोनशे रुपयांच्या नटापायी हब, शाफ्ट किंवा बेअरिंग निकामी होते. हा नट न निघण्याची कारणे जवळजवळ नेहमी दोनच असतात: एक तर नटाचे लॉक आधी सोडवलेले नसते, किंवा नट फिरवताना हब नीट धरलेला नसतो. जोर किती लावायचा हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

हा नट नेमके काय धरून ठेवतो?

क्रँकशाफ्टवरचा लहान गिअर क्लचच्या मोठ्या गिअरला फिरवतो. हा मोठा गिअर ज्या गोल घराला जोडलेला असतो ते क्लच बास्केट होय. बास्केटच्या आत हब असतो. फ्रिक्शन प्लेटांचे कान बास्केटच्या खाचांत बसतात, तर स्टीलच्या प्लेटांचे दाते हबच्या खाचांत बसतात. हब गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवर स्प्लाइनने (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांनी) घट्ट बसलेला असतो, म्हणजे तो शाफ्टबरोबरच फिरतो; बास्केट मात्र त्याच शाफ्टवर मोकळी फिरू शकते. आपला नट मेनशाफ्टच्या टोकावर असून तो हबला शाफ्टवर दाबून ठेवतो. बास्केट मोकळी आणि हब शाफ्टला बांधलेला, एवढी गोष्ट पक्की समजली तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

क्लच प्लेट बदलण्यासाठी हा नट काढावाच लागतो का?

नेहमी नाही. ज्या गाड्यांत प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगांच्या जोराने सगळ्या प्लेटा एकत्र दाबणारी प्लेट, बाहेरच्या बाजूला असते, त्यांत स्प्रिंगांचे चार ते सहा बोल्ट काढले की प्रेशर प्लेट हातात येते आणि सगळ्या प्लेटा एकेक करून बाहेर ओढता येतात. तिथे मधल्या नटाला हात लावण्याचे कारणच नसते. ज्या गाड्यांत प्रेशर प्लेट आतल्या बाजूला, बास्केटच्या तळाशी असते, त्यांत प्लेटा हब आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये अडकलेल्या असतात आणि हब बाहेर काढल्याशिवाय त्या सुटत नाहीत. आपल्याकडील १०० ते १५० सीसीच्या अनेक गाड्यांची रचना अशी आहे. त्यांपैकी काहींत हबला नटाऐवजी सर्किलप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असते, आणि ते काढायला सर्किलप पक्कड पुरते.

याखेरीज बास्केट खडखडत असेल, तिच्या खाचांत प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडले असतील, किंवा क्लचमागचा किकचा गिअर किंवा ऑइल पंपाचा गिअर पाहायचा असेल, तर नट काढावा लागतो. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या गाडीच्या पार्ट कॅटलॉगमधील क्लचचे सुटे चित्र पाहावे. कोणता भाग कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे आहे हे त्यात स्पष्ट दिसते. नट काढण्याची गरज नसेल तर तो काढू नये.

नट तर कायम तेलात असतो. मग तो जाम कसा होतो?

गंजाने होत नाही, हे खरे आहे. मोटरसायकलच्या बाहेरील नट पाणी आणि चिखलाने गंजून जाम होतात. क्लचच्या नटाची कारणे वेगळी असतात. पहिले कारण असे की तो मुळातच बराच घट्ट बसवलेला असतो. लहान गाड्यांत तो साधारण ५० ते ८० न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळतात आणि मोठ्या गाड्यांत हा आकडा १०० च्या पुढे जातो. दुसरे कारण म्हणजे त्याला आपोआप सैल होऊ न देणारे लॉक असते. तिसरे कारण आधीच्या दुरुस्तीचे: कोणीतरी हवेच्या इम्पॅक्ट गनने तो अंदाजाने आवळलेला असतो, आट्यांवर कडक थ्रेड लॉकर (आटे चिकटवून धरणारे द्रव्य) भरपूर लावलेला असतो, किंवा छिन्नीचे घाव बसून नटाची कड शाफ्टच्या आट्यांत दाबली गेलेली असते. पूर्वी एकदा उघडलेल्या गाडीचा नट नव्या गाडीच्या नटापेक्षा जास्त त्रास देतो तो यामुळेच.

मग रस्ट स्प्रे, रॉकेल किंवा डिझेल यांचा काही उपयोग आहे का?

या नटासाठी फारसा नाही, कारण जिथे गंज नाही तिथे गंज सोडवणारे द्रव्य काय सोडवणार? उलट ते फ्रिक्शन प्लेटांवर आणि इंजिन ऑइलमध्ये उतरते. हा वेळ नटाचे लॉक शोधण्यात घालवावा.

नटाला कोणते लॉक आहे हे कसे ओळखावे?

नटावरचे तेल कापडाने पूर्ण पुसून, भरपूर उजेडात, शक्य तर बॅटरी तिरकी धरून पाहावे. तेलाच्या थराखाली लॉक दिसत नाही आणि तसाच पाना लावला जातो. साधारणपणे चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार पातळ लॉक वॉशरचा. नटाखाली पत्र्याचा वॉशर असतो आणि त्याची एक कड नटाच्या सपाट बाजूवर किंवा खाचेत दुमडून बसवलेली असते. ही कड छोट्या छिन्नीने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने पूर्णपणे उघडून सपाट करावी लागते. अर्धवट उघडलेली कड नटाला अडवते आणि पाना निसटून नटाचे कोपरे जातात.

दुसरा प्रकार ठोकलेल्या नटाचा. यात नटाला बाहेरच्या बाजूने पातळ गळपट्टी असते आणि ती एक-दोन ठिकाणी पंचाने ठोकून शाफ्टच्या खाचेत दाबलेली असते. बारकाईने पाहिल्यास नटाच्या वर्तुळात एका जागी आत गेलेला खळगा दिसतो. हा खळगा बारीक पंचाने वर उचलावा, किंवा तेवढाच भाग लहान ग्राइंडरने घासून पातळ करावा. इथे घाई मुळीच करू नये, कारण अवजार एक मिलिमीटर पुढे गेले तर शाफ्टचे आटे कापले जातात, आणि शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन पूर्ण उघडणे आले.

तिसरा प्रकार शंकूसारख्या फुगीर स्प्रिंग वॉशरचा. तो नटावर सतत ताण ठेवतो. वेगळे काही सोडवावे लागत नाही. होंडाच्या अनेक गाड्यांत या वॉशरवर 'आउटसाइड' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात आणि ती बाहेरच्या बाजूला येतील असाच तो परत बसवायचा असतो. काढतानाच त्याचा फोटो घेऊन ठेवावा.

चौथा प्रकार थ्रेड लॉकरचा. शाफ्टच्या टोकाशी आट्यांत लाल, निळा किंवा हिरवा सुकलेला थर दिसला तर तो हाच. निळा प्रकार हाताच्या अवजारांनी निघावा असाच बनवलेला असतो. लाल प्रकाराला सहसा उष्णता द्यावी लागते.

एकाच नटावर दोन प्रकारची लॉक असू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

नट कोणत्या दिशेने सुटतो? उलटे आटे असू शकतात का?

बहुतेक गाड्यांत आटे सरळ असतात आणि नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. परंतु अपवाद आहेत. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या इंजिनांत क्लच हबचा नट उलट्या आट्यांचा असतो; तिथे नेहमीच्या सवयीने जोर लावला तर तो आणखी आवळला जातो. आपल्या गाडीची खात्री नसेल तर शाफ्टच्या टोकाला नटाबाहेर दिसणारे दोन-तीन आटे पाहावेत. शाफ्ट उभा धरला आहे अशी कल्पना करून पाहिले असता आट्याची रेघ डावीकडून उजवीकडे चढत असेल तर आटे सरळ आहेत. उजवीकडून डावीकडे चढत असेल तर उलटे. ही तपासणी पाईप शोधायला जाण्यापूर्वी करावी.

चार खाचांच्या गोल नटाला साधा पाना लागत नाही. छिन्नीने ठोकून काढला तर चालेल का?

चालत नाही, आणि याबाबतीत माझे मत ठाम आहे. अनेक लहान गाड्यांत नटाला सहा बाजू नसून चार खाचा असतात. छिन्नी खाचेत टेकवून हातोडी मारली की नट कधीकधी फिरतो, म्हणूनच ही पद्धत टिकून आहे. पण प्रत्येक घावाबरोबर तीन गोष्टी घडतात. खाचेची कड फुटते आणि पुढच्या वेळी कोणतेच अवजार तिथे बसत नाही. घाव शाफ्टच्या बाजूने आडवा बसतो आणि त्याचा धक्का मेनशाफ्टच्या बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत जातो. शिवाय नटाचे बारीक कण उडून तेलात पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीकडे जातात. बेअरिंग लगेच बिघडत नाही. काही महिन्यांनी घरघर सुरू होते आणि तोपर्यंत कारण कोणाच्या ध्यानात राहिलेले नसते.

या नटासाठी चार दात्यांचे खास सॉकेट मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या बाजारात दुचाकीची विशेष अवजारे विकणारी दुकाने आहेत. तिथे जाताना गाडीचे मॉडेल सांगावे आणि शक्य असल्यास नवा नट सोबत न्यावा, म्हणजे दात्यांची रुंदी तिथेच जुळवून पाहता येते. सॉकेट न मिळाल्यास जाड भिंतीचे जुने सॉकेट लेथवाल्याकडे देऊन त्याला चार दाते काढून घ्यावेत. दाते खाचेच्या पूर्ण खोलीपर्यंत पोहोचले पाहिजेत. ते वरवर टेकले तर जोर लावताच सॉकेट उसळते, म्हणून सॉकेट एका हाताने शाफ्टच्या दिशेने घट्ट दाबून ठेवावे.

नट फिरवायला गेले की पूर्ण हबच फिरतो. तो धरायचा कसा?

सगळे काम इथेच ठरते, म्हणून हे उत्तर थोडे लांब आहे.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे क्लच हब होल्डर. हे लांब दांड्याचे पकडीसारखे अवजार असते आणि त्याचे जबडे हबच्या बाहेरील खाचांत बसतात. दांडा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला किंवा चौकटीच्या एखाद्या मजबूत भागाला टेकवला की दोन्ही हात पान्यासाठी मोकळे राहतात. इंजिनाच्या अॅल्युमिनिअमच्या कडेला मात्र तो टेकवू नये. तिथे कव्हरचे पॅकिंग बसते आणि एक खोच पडली तरी तेल गळू लागते.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि मला तो होल्डरइतकाच भरवशाचा वाटतो. टाकाऊ झालेली त्याच मॉडेलची स्टीलची क्लच प्लेट घ्यावी आणि तिच्यावर साधारण दीड ते दोन फूट लांबीची लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घ्यावी. ही पट्टी मधल्या नटाच्या वाटेत येऊ नये म्हणून मध्यातून न नेता एका बाजूने जोडावी. प्लेटचे आतले सगळे दाते हबच्या खाचांत बसत असल्याने जोर सर्वत्र सारखा विभागला जातो आणि हबला ओरखडाही येत नाही. हबची बाहेरची कड मोठी असल्याने प्लेट समोरून चढत नसेल, तर मात्र जबड्यांचा होल्डरच घ्यावा.

तिसरा उपाय अवजाराशिवायचा आहे: मागचे चाक जमिनीवर ठेवून गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचा ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा. हब मेनशाफ्टला आणि मेनशाफ्ट गिअर व चेनमधून चाकाला जोडलेला असल्याने चाक थांबले की हब थांबतो. गिअर वरचाच का, असा प्रश्न नेहमी येतो. पहिल्या गिअरमध्ये नटावर लावलेला जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पटींनी वाढतो आणि ब्रेकला तो पेलवत नाही; वरच्या गिअरमध्ये ही वाढ सर्वांत कमी असते, त्यामुळे त्याच ब्रेकने हब अधिक घट्ट धरला जातो. यात दोन अडचणी आहेत. पहिली ही की उजव्या बाजूच्या क्लचचे कव्हर काढताना ब्रेकचे पॅडलच बऱ्याचदा काढावे लागते. मागे ड्रम ब्रेक असेल तर ड्रमवरची ब्रेकची आर्म पुढे ओढून मजबूत दोरीने बांधून ठेवता येते. दुसरी अडचण चेनच्या ढिलाईची आणि चाकाच्या हबमधील रबरांची: यांच्यामुळे धक्का मधेच विरतो. म्हणून झटका न देता प्रथम हळूहळू जोर लावून सगळी ढिलाई काढून घ्यावी आणि मग तोच जोर वाढवत न्यावा. चाकाच्या आऱ्यांतून लाकूड किंवा सळई घालून चाक अडवू नये. तारा वाकतात आणि अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. हबवर स्प्रिंगा बसवण्यासाठी जे उंच खांब असतात, त्यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी दांडा) किंवा स्क्रूड्रायव्हर अडकवून हब धरू नये. हे खांब ओतीव अॅल्युमिनिअमचे असतात. आडव्या जोराने ते मुळापासून तुटतात आणि मग पूर्ण हब बदलावा लागतो.

क्लचच्या गिअरच्या दात्यांत काहीतरी अडकवले तर हब थांबणार नाही का?

नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. दोन गिअरच्या दात्यांत कापडाची घडी किंवा तांब्याचा तुकडा अडकवला की क्रँकशाफ्ट आणि बास्केट थांबतात. हब वेगळा आहे. प्लेटा काढलेल्या असतील तर तो बास्केटच्या आत खुशाल फिरत राहतो. ही पद्धत क्रँकशाफ्टवरचा नट काढण्यासाठी उपयोगी आहे, हबच्या नटासाठी नाही. ज्या क्लचमध्ये स्प्रिंगा आणि प्लेटा जागेवर ठेवूनही नटापर्यंत पाना पोहोचतो, तिथे प्लेटांच्या घर्षणाने हब बास्केटला बांधलेला राहतो आणि तेव्हा या पद्धतीचा थोडाफार उपयोग होतो. कोणत्याही परिस्थितीत दात्यांत लोखंडी वस्तू अडकवू नये. दात्याचा एक टवका उडाला तर तो गिअर आयुष्यभर आवाज करतो.

जोर किती लावावा? पाईप लावणे चूक आहे का?

पाईप लावणे चूक नाही. लॉक न सोडवता किंवा हब न धरता पाईप लावणे चूक आहे. हिशोब सोपा आहे. नट सोडवायला १०० न्यूटन-मीटर टॉर्क लागणार असेल तर २५ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकावर सुमारे ४० किलोचा जोर द्यावा लागेल. दांडा ५० सेंटिमीटरचा असेल तर सुमारे २० किलो पुरतात. आवळताना लागलेल्या जोरापेक्षा सोडवताना बऱ्याचदा जास्त जोर लागतो, म्हणून लांब दांडा हाताशी असावाच. पण रॅचेटवर (एकाच दिशेने पकडणाऱ्या दात्यांच्या पान्यावर) पाईप चढवू नये, कारण रॅचेटचे आतले दाते तेवढ्या जोरासाठी नसतात. सरळ टॉमी किंवा ब्रेकर बार वापरावा. सॉकेट सहा कोनीच घ्यावे. बारा कोनी सॉकेट नटाच्या कोपऱ्यांवरच टेकते आणि जुन्या नटाचे कोपरे घेऊन जाते.

जोर लावताना दांडा सॉकेटशी काटकोनात आणि सॉकेट शाफ्टच्या रेषेत असावे. दुसऱ्या माणसाने सॉकेटचे डोके तळहाताने आत दाबून धरले तर काम निम्म्या कष्टात होते. गाडी साइड स्टँडवर एकटी उभी असताना कधीही जोर लावू नये, ती कलंडते.

इम्पॅक्ट गन वापरावी का?

सोडवण्यासाठी वापरावी, आवळण्यासाठी नाही. इम्पॅक्ट गन जलद, छोटे आडवे ठोके देते आणि हबचे स्वतःचे वजनच त्याला बरेचसे थांबवून धरते, त्यामुळे एरवी न निघणारा नट काही सेकंदांत सुटतो. तरीही हब धरलेला असावा आणि गन दोन-तीन सेकंदांच्या छोट्या फेऱ्यांत चालवावी. अशा फेऱ्यांत एकूण अर्धा मिनिट चालवूनही नट हलला नाही तर लॉक राहून गेले आहे असे समजावे आणि थांबून पुन्हा पाहावे. साधे चकचकीत क्रोमचे सॉकेट या ठोक्यांनी फुटू शकते, म्हणून काळे इम्पॅक्ट सॉकेटच लावावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

नट तापवून काढता येतो का?

लाल थ्रेड लॉकर असेल तर तापवावाच लागतो, कारण असा कडक थर सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरेसा मऊ होतो. अडचण अशी की आजूबाजूला अॅल्युमिनिअमचा हब, शाफ्टचे बेअरिंग आणि रबराची सील आहेत आणि सीलचे साधे रबर याच्या निम्म्या तापमानालाही खराब होऊ लागते. म्हणून गॅसच्या उघड्या ज्योतीऐवजी बारीक तोंडाची हीट गन घ्यावी, गरम हवा फक्त नटावर धरावी आणि नट गरम असतानाच जोर लावावा. थंड झाल्यावर थर पुन्हा पकडतो. काम सुरू करण्यापूर्वी प्लेटा काढून ठेवाव्यात, सगळीकडचे तेल पुसावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि शक्य असेल तर टाकी उतरवावी. इंजिनाच्या आत तेलाची वाफ आणि वर पेट्रोल अशा जागी ज्योत पेटवणे हा धोका कोणत्याही नटासाठी घेण्यासारखा नाही.

नटाचे कोपरे गेले आहेत, पाना घसरतो. आता काय करावे?

आता नट वाचवायचा नाही, शाफ्ट वाचवायचा आहे, हे आधी ठरवून टाकावे. लहान ग्राइंडरच्या बारीक चकतीने नटाच्या एका बाजूवर शाफ्टच्या रेषेत सरळ काप घ्यावा आणि आट्यांपर्यंत जेमतेम पापुद्रा उरेल तिथे थांबावे. मग कापात छोटी छिन्नी घालून हलकासा पीळ दिला की पापुद्रा फाटतो, नट उमलतो आणि त्याची पकड सुटते. कापण्यापूर्वी क्रँककेसचे प्रत्येक छिद्र कापडाने बंद करावे आणि नंतर लोहचुंबकाने चुरा वेचून घ्यावा. इंजिनात राहिलेला चुरा हा नटापेक्षा मोठा शत्रू आहे.

काही कारागीर खराब नटावर दुसरा मोठा नट वेल्डिंग करून तो पान्याने फिरवतात. ही पद्धत चालते, पण वेल्डिंगच्या अर्थिंगची क्लॅम्प नटाजवळ, हबवर लावली पाहिजे. ती चौकटीला किंवा इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला लावली तर विजेचा प्रवाह बेअरिंगांतून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर चट्टे पडतात. बॅटरीची वायरही आधी काढून ठेवावी.

नटापर्यंत पोहोचण्याआधी कव्हरचेच स्क्रू अडले आहेत. तिथेही हेच करायचे का?

तिथे कारण वेगळे आहे. लोखंडी स्क्रू अॅल्युमिनिअमच्या केसमध्ये असतो आणि पाणी शिरले की दोन धातूंच्या सांध्यावर पांढरा क्षार जमून तो धरला जातो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथे पावसाबरोबर खारी हवाही आहे, तिथे हे फार लवकर होते. इथे रस्ट स्प्रे उपयोगी पडतो: रात्रभर मुरू द्यावा आणि मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जो स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवावा.

तोच नट आणि तोच वॉशर परत वापरावा का?

दुमडलेला लॉक वॉशर आणि ठोकलेला नट परत वापरू नये. एकदा दुमडून उघडलेली पत्र्याची कड दुसऱ्यांदा दुमडताना तुटण्याच्या बेतात असते, आणि हा नट चालत्या गाडीत सैल झाला तर हब हलू लागतो व स्प्लाइन झिजतात. साधा सहा कोनी नट, कोपरे आणि आटे शाबूत असतील तर, परत वापरायला हरकत नाही. शाफ्टचे आटे पितळी ब्रशने साफ करावेत आणि नवा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का ते आधी पाहावे. बोटांनी फिरत नसेल तर पान्याने रेटू नये. आटा कुठे दबला आहे ते शोधून बारीक कानसीने दुरुस्त करावा.

परत आवळताना काय काळजी घ्यावी?

टॉर्क रेंच वापरावा आणि आकडा आपल्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. आट्यांना तेल लावायचे की ते कोरडे ठेवायचे हेही त्यात दिलेले असते, आणि ते महत्त्वाचे आहे: तेल लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला नट प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताण घेतो. स्प्रिंगांचे ६ मिलिमीटरचे बोल्ट मात्र नाजूक असतात. त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरते, ते समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळावेत. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवाव्यात, आणि तेल जासो एमए किंवा एमए२ दर्जाचेच (तेलात बुडालेल्या क्लचसाठी ठरवलेला मोटरसायकल तेलाचा दर्जा) भरावे. कारचे घर्षण कमी करणारे तेल या क्लचमध्ये प्लेटा घसरवते.

गॅरेजमध्ये काम देताना काय विचारावे?

तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: या नटाचे सॉकेट आहे का, हब धरण्याचे अवजार आहे का, आणि नवा लॉक वॉशर व पॅकिंग आणले आहे का. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी दुखावत नाही. बहुधा तो अवजार काढून दाखवतो. अवजार नसेल तर मालकाने स्वतः विकत घेऊन देणेही हबच्या किमतीपेक्षा स्वस्त पडते.

अॅक्टिव्हासारख्या गिअर नसलेल्या स्कूटरला हीच माहिती लागू पडते का?

नाही. तिथला क्लच कोरडा असतो, तो बेल्टच्या मागच्या पुलीवर असतो आणि बाहेरचा नट काढल्यावर आत आणखी एक मोठा नट असतो. या आतल्या नटामागे दाबलेली मोठी स्प्रिंग आहे. ती कॉम्प्रेसर अवजारात दाबून धरल्याशिवाय नट सोडवला तर क्लचचे भाग जोरात तोंडावर उडतात. ते काम योग्य अवजाराशिवाय घरी करू नये.

सगळे बसवले, पण आता क्लच सुटत नाही किंवा गिअर अडकतो. नट जास्त आवळला गेला का?

नट कारण असण्याची शक्यता कमी आहे. आधी क्लच केबलची ढिलाई पाहावी. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. नंतर दाबदांड्याची (प्रेशर प्लेट ढकलून क्लच सोडवणाऱ्या दांड्याची) छोटी स्टीलची गोळी किंवा बेअरिंग बसवायचे राहिले नाही ना, आणि कव्हरच्या दोन लोकेटिंग पिना जागेवर आहेत ना, हे तपासावे. हे सगळे ठीक असूनही क्लच सुटत नसेल तर कव्हर पुन्हा काढून, हबच्या मागचा जाड वॉशर जुन्या फोटोप्रमाणेच बसला आहे का ते पाहावे. तो राहून गेला असेल तर नट आवळल्यावर हब बास्केटला चिकटून दाबला जातो आणि दोघे एकत्र फिरू लागतात. बास्केट हाताने धरून हब फिरवून पाहिल्यास हे प्लेटा बसवण्यापूर्वीच कळते: दोन्ही भाग एकमेकांत मोकळे फिरले पाहिजेत.